चार सेकंदांचा आवाज

लिफ्टची कामं करायला लागून मला बारा वर्षं झाली, पण त्या दुपारचं सांगायला बसलो की अजून माझा आवाज आपोआप खाली येतो.

काम साधंच होतं. रिकाम्या केलेल्या एका जुन्या इस्पितळाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली होती. आमचे मिस्त्रीकाका बाहेर गाडीत बसले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं काम माझ्याकडे. मेन स्विच बंद करून मी शिडीवरून खाली गेलो. ओल्या सिमेंटचा आणि जुन्या ग्रीसचा वास. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. वर नुसता अंधार.

"काका, वायरिंगचा नकाशा पाठवा," मी फोनवर म्हटलं.

"पाठवतो रे. या वेळी नाही चुकत." मागे एकदा नकाशा म्हणून त्यांनी स्वतःच्या चपलेचा फोटो पाठवला होता.

नकाशाची फाइल आली. बरोबर होती. मागोमाग काकांच्याच नंबरवरून एक फोटो आला, अगदी काळाकुट्ट. आली परत चप्पल, असं म्हणत मी उजेड वाढवून पाहिला.

शिडीच्या पायऱ्या. त्यांवर दोन बूट, खालून टिपलेले. डाव्या तळव्याला ट्यूबचं ठिगळ… ते मीच लावलं होतं.

मी उतरत होतो, तेव्हा खाली कोण होतं?

तेवढ्यात त्याच नंबरवरून एक ऑडिओ आला. चार सेकंदांचा. फोन कानाला लावला. आधी ठिबकणारं पाणी… मग अगदी हळू, "वर ये…"

हत्यारं तिथंच टाकून मी शिडी चढलो. दुसरा पाय बाहेर काढतोय तोच वर दोर तुटले आणि अख्खी लिफ्ट खड्ड्यात कोसळली. धूळ बसेपर्यंत मी आपले हातपाय चाचपत होतो. सगळं जागच्या जागी होतं. हसूही येत होतं आणि रडूही.

काका गुडघे विसरून धावत आले. "अरे, आहेस ना? बोल काहीतरी!"

"तुम्ही वर बोलावलंत म्हणून वाचलो, काका."

"मी? मी फक्त नकाशा पाठवला."

त्यांनी फोन पुढे केला. खरंच, नकाशाशिवाय काही गेलेलं नव्हतं. काकांनी मला घट्ट जवळ घेतलं. "ज्यानं कोणी पाठवलं, त्याचं भलं होवो. जीव वाचला, बस्स."

घरी बायकोनं आधी झाप झाप झापलं, मग रडली. मुलगी मांडीवरून उठेना. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो ऑडिओ मागितला. हेडफोन लावून ऐकला. पुन्हा ऐकला. मग हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"नीट ऐक रे… हा 'वर ये' म्हणत नाहीये. 'वर ने' म्हणतोय."