तीन रेघांचा खांब

“आधी व्हरांडा काढते, मग खिडक्या,” चष्मिस वहीवर पेन्सिल टेकवत म्हणाली. “गुरुवारपर्यंत अख्खं घर कागदावर!”

“काय हात आहे पोरीचा,” आत्या म्हणाली.

बिट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याच्या या लाकडी घरात ती तीन वर्षांची असल्यापासून दर सुट्टीला यायची. कोणती फळी कुरकुरते, कोणती खिडकी पावसात फुगते, सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि ही चष्मिस चुलत बहीण पहिल्यांदा आली काय, चार रेघोट्या ओढल्या काय, लगेच लाडकी!

पण रुसत बसायला वेळ नव्हता. रस्ता रुंद करायला हे घर पाडणार होते. जुन्या घरांच्या यादीत नाव लागलं तरच ते वाचणार होतं. पाहणी करणाऱ्या साहेबांनी मात्र आधीच पत्र धाडलं होतं, ‘घर अलीकडचं. जतन करण्याजोगं काही नाही.’ गुरुवारी ते शेवटची सही करायला येणार होते. आत्याने आठवडाभर शिवणयंत्राला हात लावला नव्हता.

“ह्याच्या खाली काय आहे गं?” मागच्या दाराजवळ जमिनीत बसवलेल्या झडपेकडे चष्मिसने बोट दाखवलं.

“विंचू,” बिट्टीने ठोकून दिलं.

कारण ती जागा तिची होती. घर बुटक्या खांबांवर उभं होतं आणि खालून सरपटत जाता यायचं. प्रत्येक खांबावर आणि त्यावर टेकलेल्या तुळईवर सारख्याच रेघा कोरल्या होत्या. एका जोडीवर एक, दुसरीवर दोन, तिच्या आवडत्या खांबावर तीन. चष्मिसने त्यांचं चित्र काढलं असतं तर त्या चष्मिसच्याच झाल्या असत्या.

बुधवारी शेजारचे सुतारकाका बिजागरी बसवायला आले. पत्र वाचून त्यांनी नाक मुरडलं.

“व्हरांडा नवा आहे, मान्य. साहेबाने तेवढाच बघितला असणार. जुने सुतार प्रत्येक सांधा हाताने बेतायचे. एका सांध्याचं लाकूड दुसऱ्याला बसायचं नाही. म्हणून दोन्ही लाकडांवर पटाशीने सारख्या रेघा मारून ठेवायचे. माझ्या आजोबांनंतर इथे कुणी तसं केलं नाही. तशा खुणा सापडल्या, तर घर शंभरीचं!”

बिट्टीला तिच्या तीन रेघा आठवल्या. सांगितलं तर चित्र चष्मिस काढणार, कौतुकही तिचंच होणार. तिला मनापासून हेवा वाटत होता. पण कोपऱ्यात आत्याचं यंत्र झाकून ठेवलेलं दिसत होतं.

“चल,” ती चष्मिसला म्हणाली. “वही घे. टॉर्चपण.”

गुरुवारी साहेब आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसूनच कागद भरू लागले. बिट्टीने खांद्यावरून डोकावलं. ‘घराखालचा भाग तपासला : होय.’

“साहेब, तुम्ही खाली उतरला होतात?”

“अर्थात. मागच्या खेपेला.”

“मग उतरायची झडप कुठे आहे?”

साहेबांनी जमिनीकडे पाहिलं, मग उगाचच छताकडे. आत्याला हसू आवरेना. तेवढ्यात चष्मिसने वही पुढे केली. चौदा खांब, चौदा जोड्या, प्रत्येक रेघ जागच्या जागी.

साहेबांना इस्त्रीच्या पँटसकट खाली सरपटावं लागलं. केसांत जळमटं घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी भरलेला कागद फाडून टाकला. “यादीत घालतो,” ते पुटपुटले. “हे शोधलं कोणी?”

“हिने,” चष्मिस म्हणाली. “मी फक्त उतरवून घेतलं.”

सुतारकाकांनी बिट्टीची पाठ थोपटली. आत्याने दोघींना एकदमच जवळ ओढलं आणि मग यंत्रावरचं कापड काढलं.

बिट्टीला कौतुक गोड लागेना. संध्याकाळी झडपेपाशी ती हळूच म्हणाली, “खाली विंचू नव्हता.”

“माहितीये,” चष्मिस म्हणाली. “तू रोज अनवाणी उतरायचीस.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी जागा होती ना.”

बिट्टीने झडप उघडली आणि बाजूला सरकली.

“आधी तू जा,” ती म्हणाली.