न विचारता काढलेला फोटो

शटरचा आवाज झाला, तेव्हा वल्लरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

२०१६ सालच्या मार्चमधला शनिवार. सिंगापूरच्या हौगांग भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गजबजाटात, ती कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, प्यायला आली होती. स्टॉलवरचे अंकल एका मगातून दुसऱ्या मगात उंचावरून कोपी ओतत होते... पुण्याला बाबा अगदी अस्साच चहा निववायचे. बाबांना जाऊन काहीच महिने झाले होते. बँकेतल्या कामाच्या रगाड्यात तिला धड रडायलाही सवड मिळाली नव्हती. आणि आज, इतक्या गर्दीत — अचानक.

समोर विस्कटलेल्या केसांचा एक उंच गोरा माणूस उभा होता. हातात जुना कॅमेरा.

"माझा फोटो काढलात?" ती इंग्रजीत कडाडली.

"हो... सॉरी."

"डिलीट करा."

"नाही करता येणार. आत रोल आहे." तो ओशाळला. "धुऊन आणतो आणि निगेटिव्ह तुम्हाला देतो. पुढच्या शनिवारी, इथेच. नाही आलो तर पोलिसात जा."

"नाव सांगा मग. तक्रारीत लागेल."

"योरिस. आणि हे... टिश्यू घ्या ना." टेबलावरचं पाकीट त्यानं हळूच पुढे सरकवलं.

"ते माझंच आहे! जागा धरायला ठेवलंय!"

रागातही तिला हसू फुटलं. मग हसल्याचाच राग आला.

तो खरंच आला. निगेटिव्हसोबत एक प्रिंटही होती. फोटोतल्या त्या बाईकडे वल्लरी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बाबांबद्दल सांगायला सुरुवात केली... आणि योरिसनं कॅमेरा पिशवीत ठेवून सगळं ऐकलं.

पुढचे शनिवार कधी दोघांचे झाले, कळलंच नाही. योरिस रॉटरडॅमचा. बाजारात आईचा मासळीचा गाळा होता. तिथल्या गिऱ्हाइकांचे फोटो काढत तो मोठा झाला. पुढे वर्तमानपत्रांत छायाचित्रं, मग दोन छोटे माहितीपट. जाहिरातींच्या स्टुडिओत चांगली नोकरी होती, ती सोडली.

"का पण?" तिनं विचारलं.

"तिथे सगळे हसायचे. सांगितलं की लगेच."

आता सिंगापूरच्या हॉकर सेंटरांवर तो एक पुस्तक आणि एक फिल्म करत होता. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शूटिंगला वल्लरी हौसेनं माइक धरायला गेली.

"माइक फ्रेममध्ये येतोय!"

"मग फ्रेम लहान कर ना!"

तेवढ्यात पावसाची सर आली. दोघं धावत एका छपराखाली शिरले. त्यानं आपला शर्ट काढून कॅमेऱ्याला गुंडाळला. ती खळखळून हसली... आणि मग त्याच्याकडे बघायचं टाळत उगाचच समुद्रावरची जहाजं बघू लागली.

"जहाजं छान आहेत का?" त्यानं विचारलं.

"बरी आहेत." तिचे कान लाल झाले होते.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या फिल्मचा संकलक मुकुल तिला भेटला. "पुस्तकाचं वाईट झालं ना," तो सहज बोलून गेला. लॅबनं पहिल्या भेटीच्या त्या रोलचे सगळे स्कॅन परस्पर डच प्रकाशकाला पाठवले होते. प्रकाशकाला मुखपृष्ठावर वल्लरीचाच फोटो हवा होता. योरिस नाही म्हणाला, आणि त्यांनी पुस्तकच रद्द केलं.

वल्लरी तडक त्याच्या घरी गेली.

"मला विचारलं का नाहीस?"

तो खिडकीपाशी उभा होता. "तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"माझ्यासाठी म्हणाली असतीस. ते रडणं तुझ्या बाबांसाठी होतं, वल्लरी. मी एकदा न विचारता घेतलंय... पुन्हा नाही."

"तीन वर्षांची मेहनत होती तुझी!"

"आहे की अजून. दुसरा प्रकाशक मिळेल." तो थांबला. "दुसरी वल्लरी... नाही मिळणार."

खाली मुलं फुटबॉल खेळत होती. त्यांचा गलका तेवढा वर येत होता.

"हे..." ती पुटपुटली, "हे नीट सांग ना."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर. खूप. आणि डिसेंबरात मला रॉटरडॅमला जावं लागणार आहे, फिल्म पुरी करायला. तीन महिने. थांबशील का, असं विचारायचा मला हक्क नाही, पण —"

"नाही थांबणार."

त्याचा चेहरा उतरला.

"माझी तीन आठवड्यांची रजा शिल्लक आहे," वल्लरी म्हणाली. "नाताळात मी येतेय तिकडे. आधी आईला फोन करून सगळं सांगते. ती पहिला तासभर चिडेल... मग तुझं वय विचारेल."

"चौतीस," तो घाईघाईनं म्हणाला.

"मला नको सांगूस, तिला सांग!" असं म्हणत तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हातानं पुण्याचा नंबर लावला.