काचवाल्या व्हॅनचे लाल दिवे

"व्हॅन आजपासून उभी! आणि किल्ली माझ्याकडे!" काकाने जाहीर केलं आणि सुट्टीच्या पाचव्याच दिवशी तिघा नातवंडांच्या तोंडचं पाणी पळालं.

आबांची ती निळी व्हॅन म्हणजे त्यांची अर्धी सुट्टी होती. आबा घरोघरी खिडक्यांच्या काचा आणि आरसे पोचवायचे. मागे गोणपाटावर बसून आरशात स्वतःलाच वाकुल्या दाखवत गावभर हिंडायचं, याहून मोठं सुख त्या वयात नव्हतं. ते दिवस गेले ते गेलेच! पण आजही कुठे काचा बसवायच्या पुट्टीचा वास आला, की ताईला ती व्हॅन आठवते आणि जरा वेळ काही सुचत नाही.

"पण का उभी?" ताईने विचारलं. ती तेरा वर्षांची, तिघांत थोरली.

"स्कूटरवाला मागून धडकता धडकता वाचला परवा! म्हणतो, ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. मिस्त्रीने दोनदा बल्ब बदलले. गॅरेजात दिवे लख्ख लागतात, मग रस्त्यावर का नाही? आबा ब्रेक लावायचंच विसरतात! वय झालं आता."

आबांनी काच कापायची हिरकणी डबीत ठेवली आणि झाकण लावलं. ते बघून तिघांना फार लागलं.

"आबा आणि विसरतात?" अंगणात येताच मधला चष्म्या उसळला. "पानवाल्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवेना, ती आबांनी सांगितली!"

"मग मिस्त्रीच विसरला असेल," धाकटी चिमणी म्हणाली. "चला, बघू या!"

मिस्त्रीचं गॅरेज गल्लीच्या टोकाला होतं. मिस्त्री चहा पीत बसले होते. चष्म्याने सरळ भंगाराच्या डब्यात हात घातला आणि आबांच्या व्हॅनचे काढलेले बल्ब उजेडात धरले.

"ताई, हे बघ! काच स्वच्छ, आतली तार शाबूत! उडालेल्या बल्बची तार तुटलेली असते."

त्याने बॅटरीला दोन वायरी लावून एकेक बल्ब टेकवला. चारही पेटले!

"मिस्त्रीकाका, चांगले बल्ब काढलेत कशाला?"

"तुझा काका म्हणाला दिवे लागत नाहीत, म्हणून बदलले!" मिस्त्री गुरगुरले. "आणि बदलल्यावर तपासलेसुद्धा! मी एकटा माणूस. सीट आणि पेडलच्या मध्ये हा दांडका ठोकतो, मागे जाऊन बघतो. लख्ख!"

दांडका चांगला मनगटाएवढा जाड होता. ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"दांडक्याने पेडल पार तळाला जात असेल, नाही? आबांचा पाय असा कधी पडतो का? मागे काचा असतात! ते लांबूनच हळूहळू वेग कमी करतात. मिस्त्रीकाका, चला आमच्याबरोबर!"

"पण किल्ली काकाकडे आहे," चिमणी कुरकुरली.

"ब्रेकच्या दिव्यांना या व्हॅनमध्ये किल्ली लागत नाही," मिस्त्री म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

मिस्त्रींना घेऊन तिघं अंगणातल्या व्हॅनपाशी पोचली. त्यांचा आरडाओरडा ऐकून काकाही बाहेर आला. ताईने आबांना हाताला धरून सीटवर बसवलं. चिमणी व्हॅनच्या मागे उभी राहिली.

"आबा, मागे मोठा आरसा आहे आणि पुढे चौक आलाय. लावा ब्रेक!"

आबांनी पाय टेकवला.

"नाही लागले!" चिमणी ओरडली.

आबांनी आणखी जरासा दाबला.

"अजून नाही!"

"आता मी!" ताईने सीटवर चढून पेडलवर पाय आपटला.

"लागले! दोन्ही लागले!"

मिस्त्री पेडलखाली वाकले. तिथे एक छोटा स्विच होता. पेडलवर पाय नसताना त्याचं बटण दाबलेलं राहतं, पेडल हललं की बटण बाहेर येतं आणि दिवे लागतात. पण हा स्विच फारच पुढे बसवला होता. अर्धं पेडल खाली गेलं तरी बटण सुटत नव्हतं!

"गेल्या महिन्यात पेडल काढलं होतं, तेव्हा मीच बसवला हा," मिस्त्री मान खाली घालून म्हणाले. त्यांनी नट सैल केला, स्विच दोन आटे मागे घेतला, नट आवळला. "आबा, लावा आता. तुमच्या पद्धतीने."

आबांनी पाय नुसता टेकवला.

"लागले! लागले! लागले!" चिमणी नाचायलाच लागली.

काकाने किल्ली पुढे केली. "चुकलो आबा. मी तुमच्याबरोबर एकदा बसून बघायला हवं होतं. आणि पोरांनो, शाबास! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

आबांनी किल्ली घेतली, पण लावली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"परवापासून मी स्वतःलाच विचारतोय, लावला होता ना मी ब्रेक?" ते म्हणाले. "आज सकाळी उत्तर आलं, की नसेल लावला. मी विसरायला लागलो, असं मला खरंच वाटलं होतं रे."

काकाने वाकून त्यांचा हात घट्ट धरला. ताईने मान वळवली, चष्म्या चष्मा पुसायला लागला.

"आबा, तुम्ही ब्रेक लावला होता," चिमणी खिडकीशी येऊन म्हणाली. "दरवेळी लावला होता."

"हो गं बाई," आबा म्हणाले. "लावला होता."