भिंतीवरचा हात

मंगळावरच्या त्या वसाहतीत भिंती हवेनं उभ्या राहत. आतली हवा भिंतींच्या रबराला सतत बाहेर ढकलायची, त्यामुळे ते जन्मभर ताणलेलंच. पृथ्वीवरून एवढं रबर आणणं परवडेना, म्हणून त्यात इथलीच तांबडी धूळ कालवली होती. या धूळरबराची खोड एकच. ताण फार झाला की धुळीचा कण रबरापासून सुटतो आणि त्याच्याभोवती बारीक पोकळी पडते. अशा पोकळ्या दाटल्या की तेवढा भाग पांढरा दिसतो; त्या एकमेकींना भिडल्या की चीर. त्यामुळे भिंतीवर पांढरा डाग दिसला की सगळ्यांचं धाबं दणाणायचं.

एका पांढऱ्याला मात्र कुणी हात लावत नसे. मूल वर्षाचं झालं की त्याचा हात तेलात कालवलेल्या पिठात बुडवून दाराशेजारी उमटवायचा. ही रीत कुमुदिनीनं सुरू केली, तिच्या लेकीच्या, रेवाच्या पहिल्या वाढदिवसाला. रेवा चौथ्या वर्षी तापानं गेली. तिथं राखसुद्धा शेतीच्या मातीत जाते. कुमुदिनीपाशी उरला तो हा हात. तपासणीवाले भिंती धुवायला आले तेव्हा ती दारात आडवी झाली, आणि बाकीच्या आया तिच्यामागे उभ्या राहिल्या. शेवटी प्रशासनानं हात तपासणीतून वगळले.

आज पदार्थतज्ज्ञ डॉ. हर्डीकर स्वतः आले.

"पलीकडच्या गल्लीत भिंत फाटली, कुमुदिनीताई. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. चीर तिथल्या हाताच्या ठशातूनच गेली. हा पुसून बघू द्या."

"मीच पुसते."

तिनं ओलं फडकं फिरवलं. फडक्याला पीठ आलं. भिंतीवरचा हात तसाच राहिला, पाचही बोटांसकट. तिनं पुन्हा घासलं.

"आता ते पीठ नाही," हर्डीकर म्हणाले. "तेल रबरात मुरलं, धुळीचे कण सुटले."

"म्हणजे हे मी केलं."

त्यांनी नुसती हाताभोवती खडूनं रेघ ओढली. तिला त्यांचा संताप आला. खोटं तरी बोलायचं माणसानं.

"एवढा भाग कापून ठिगळ लावतो," ते म्हणाले.

"तुकडा मला द्या."

"ताई, सगळ्यांत जुना हात हाच. तो यंत्रात फाटेपर्यंत ताणला, तरच बाकीची घरं किती टिकतील ते कळेल. लवकर फाटला तर वसाहत रिकामी करावी लागेल."

"कुठून फाटेल?"

"जिथं जास्त पांढरं, तिथून."

म्हणजे तळव्यातून. नीट उमटावा म्हणून तिनंच तो दाबून धरला होता, आणि रेवा हसत हसत हात ओढून घेत होती.

कुमुदिनी भिंतीपासून बाजूला झाली.

"कापा," ती म्हणाली. "पण ताणताना मला बोलवा. एकटी नको ती तिथं."