रविवारी न येणारी आया

मल्हार हे लिहिणारच नव्हता. खून नाही, चोरी नाही, पकडून द्यायला माणूससुद्धा नाही. कोण वाचणार? पण परवा त्याच्या बोटांना उदाचा वास राहिला आणि तो टाइप करायला बसला.

जर्मनीतलं रेगेन्सबर्ग, २००६चा नोव्हेंबर. डोनाऊ नदीवरून धुकं चढायचं आणि साडेचारलाच अंधार. मल्हार गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मिसेस हार्टल नावाच्या म्हाताऱ्या ब्रिटिश बाईंच्या घरात वर भाड्याने राहायचा. सध्या त्याच्याकडे सुलेखामावशी आली होती. मावशी भगूरची, देवळाली कॅम्पाच्या शेजारची.

गुरुवारी मिसेस हार्टलनी त्याला जिन्यात गाठलं. "तुझ्या त्या हुशार मैत्रिणीला बोलाव. सोमवारी युर्गन मला हाइममध्ये टाकतोय."

हाइम म्हणजे वृद्धाश्रम. युर्गन त्यांचा सावत्र मुलगा, दुसऱ्या जर्मन नवऱ्याचा.

हुशार मैत्रीण म्हणजे कादंबरी. करत होती केमिस्ट्रीत पीएचडी, पण गावातल्या मराठी लोकांचं काही हरवलं, काही अडलं, की फोन तिलाच. शुक्रवारी दुपारी आली, बूट खाली दारात काढले आणि बाईंसमोर बसली.

"युर्गनला वाटतं मला भास होतात," मिसेस हार्टल म्हणाल्या. "पहिला नवरा कॅप्टन होता माझा. लग्न झाल्या झाल्या देवळालीला गेले. सकाळी छोटी हाजरी, म्हणजे चहा-बिस्किट, मग गोदामाचं कुलूप काढून खानसाम्याला साखर-मैदा द्यायचा, दूध उकळलं का बघायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय पाण्याच्या डब्यांत. संध्याकाळी क्लब. बाळ मात्र मार्थाचं, आमच्या आयाचं. तिन्हीसांजेला ती ऊद जाळून बाळाला धुरी द्यायची. मग घरातले सगळे बूट उलटे करून ठेवायची. विंचू!"

"बाळ?"

"एडिथ. तापाने गेली. तिथल्याच सिमेटरीत पुरली आहे."

बाई कोपऱ्यातल्या टाइल्सच्या जुन्या शेगडीकडे बघत राहिल्या. "ही मी कित्येक वर्षांत पेटवली नाही. पण महिनाभर तिन्हीसांजेला हिच्यातून तोच वास येतो. आणि दारातले बूट उलटे. मार्था येते. रविवारी तेवढी येत नाही. रविवारी तिला चर्चची सुट्टी असायची."

मल्हारने शेगडीला हात लावून पाहिला. थंडगार.

कादंबरीने युर्गनला फोन लावला. तो वैतागून म्हणाला, "आल्झो, हे बघा, मी दर रविवारी दिवसभर तिथे असतो. कसला वास? घर नकोय हो मला. ती एकटी असताना पडली, काही झालं, तर?"

मग ती तळघरात, केलरमध्ये, उतरली. वॉशिंग मशीन, आणि शेजारी पूर्वी कपडे उकळायचा तो विटांचा बंब. तेवढ्यात कपड्यांची बादली घेऊन मावशी आली.

"मावशी, रोज कपडे?"

"थंडीत साठवून ठेवले की कुबट होतात गं. आमचा भाचा रविवारी तेवढं मशीन लावू देत नाही. शेजारी ओरडतात म्हणे. रविवारी कपड्यांनी काय पाप केलंय?"

"संध्याकाळी कसला वास येतो का?"

"मला मेलीला सर्दी." मावशीने तोंड फिरवलं.

"तिला काय विचारतेस?" जिना चढताना मल्हार म्हणाला. "घरात उदबत्तीसुद्धा लावायची नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलंय मी. धुराचा अलार्म वाजतो."

दारात कादंबरीचे बूट उलटे पडले होते.

"वाऱ्याने," मल्हार म्हणाला. आपले उलटे बूट सुलटे करून त्याने पायात घातले.

कादंबरी त्याच्याकडे बघत राहिली. "युर्गनला उद्याच बोलव. रविवारी नाही, उद्या."

शनिवारी संध्याकाळी युर्गनसकट चौघं बाईंच्या खोलीत दिवा न लावता बसली होती. बाहेर अंधार दाटला आणि शेगडीच्या फटीतून ऊद खोलीत शिरला. युर्गन ताडकन उठला. "माइन गॉट!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," कादंबरी म्हणाली. "आईंचं नाक शाबूत आहे. तुम्ही येता रविवारी, आणि भूत नेमकं रविवारीच येत नाही. का? आई म्हणतात चर्च. पण या घरात रविवारी आणखी एक गोष्ट बंद असते. कपडे धुणं."

मल्हारला अजूनही उमगेना.

"बंबाचं नि या शेगडीचं धुराडं एकच असणार. वर ऊद जाळायला तूच बंदी केलीस. मग मावशी बादली घेऊन खाली जाते, बंबाच्या तोंडाशी जाळते. धूर धुराड्यातून वर, कुणाला पत्ता नाही. आणि मल्हार, तुझे बूट उलटे का असतात रे?"

"असतातच की. मावशी ठेवते. भगूरला विंचू..."

"सवय रे. जाता-येता हात दारातल्या सगळ्याच बुटांना लागतो."

मल्हार खाली धावला. मावशी धुपाटणं घेऊन उकिडवी बसली होती. "ओरडू नकोस बाबा. तिन्हीसांज कोरी कशी जाऊ द्यायची?"

दोघं वर आली, तेव्हा युर्गन आईचा हात धरून माफी मागत होता. हाइम रद्द. पण मिसेस हार्टलचा चेहरा विझला होता.

"म्हणजे मार्था आलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

मावशीला इंग्रजी कळत नव्हतं. तिने पुढे होऊन बाईंच्या हातांवरून, केसांवरून धूर फिरवला. बाईंनी डोळे मिटले आणि कॅम्पातल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेबी को भी."

मावशी क्षणभर थांबली. मग त्या रिकाम्या मांडीवरून तिने धुपाटणं हळूच ओवाळलं.

परवा मावशी परत गेली. संध्याकाळी मल्हार खाली आला, तर मिसेस हार्टल थंड शेगडीसमोर बसलेल्या. तो केलरमध्ये गेला, बोटं भाजून घेत निखारा फुलवला, ऊद टाकला. वर येऊन त्यांच्याजवळ बसला.

"तू भाडेकरू आहेस," त्या म्हणाल्या. "हे तुझं काम नाही."

"मित्र म्हणून करतो. मी या घरात आहे तोवर रोज. शब्द देतो."

"रोज?"

"सोमवार ते शनिवार," मल्हार म्हणाला. "रविवारी मार्थाला सुट्टी."