तात्यांनी धुतलेली टाकी

"पुन्हा बंद!" अरफातने पान्हा जमिनीवर आपटला. "सहावी खेप हाय ही!"

दत्तोबा तात्यांची अठ्ठावन्न सालची मोटार निमगाव केतकीच्या एसटी स्टँडपर्यंत गेली, दोनदा खोकली आणि रुसून बसली. मग सगळ्यांनी ढकलत ती गॅरेजात आणली. सुट्टीत लोक पोहायला शिकतात, ही मंडळी मोटार ढकलायला शिकत होती! चार दिवसांनी बारामतीत जुन्या मोटारींची मिरवणूक होती.

अरफातचे आजोबा इस्माईल मिस्त्री, म्हणजे सगळ्यांचे इस्माईलचाचा, यांचं ते गॅरेज. त्यांनी गंजलेला कार्ब्युरेटर खोलून, घासून बसवला होता. पेट्रोलचा पंपही दुरुस्त केला होता. टाकी तेवढी तात्यांनी स्वतः धुऊन दिली होती, अगदी चकचकीत! तरीही मोटार बंद पडतच राहिली, आणि गेल्या बाजारात तात्या सगळ्यांसमोर ओरडले होते, "इस्माईलचा हात गेला आता! न्हाय जमत त्याला!" लगेच दोघांनी आपले ट्रॅक्टर दुसरीकडे नेले. चाळीस वर्षांचं नाव, एका बाजारात मातीत! अरफातचं डोकं नुसतं भणभणत होतं.

"तात्यांनी असं बोलायला नको हुतं," उत्कर्षा म्हणाली. ती तात्यांची नात. तिला मनापासून लाज वाटत होती. "पर ह्यो कचरा येतो कुठनं?"

फिल्टरमध्ये तांबूस भुकटी साचली होती.

"परवाच साफ केलता की!" अरफात करवादला.

"मग टाकी सोडूनच चालवून बघा ना!" छकुली म्हणाली. उत्कर्षाची ही धाकटी बहीण सात वर्षांची होती.

इस्माईलचाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेट्रोलची बाटली वर टांगून त्यांनी तिची नळी थेट कार्ब्युरेटरला जोडली. इंजिन सुरू झालं आणि बाटली संपेपर्यंत थांबलंच नाही!

टाकी उतरवून, रिकामी करून त्यांनी तिचं तोंड उन्हाकडे धरलं. आत सगळीकडे ताजा गंज!

"पंधरा दिवसांत? कशानं धुतली ही?" चाचा चक्रावले.

"तात्यांना इचारलं तर म्हणत्यात, पोरांनी पोरांसारखं ऱ्हावं!" उत्कर्षा चिडून म्हणाली.

"त्यांच्या नव्या पायजम्याला भोकं पडल्यात," छकुली म्हणाली. "आई म्हणती, उंदरानं खाल्ला."

उत्कर्षा ताडकन उठली. "उंदीर न्हाय, ॲसिड! ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढताना दरसाल अशीच भोकं पडत्यात. पर औंदा नळ्या तर अजून धुतल्याच न्हाईत! मग टाकीतच वतलं असणार!"

आता कबुली हवी होती, आणि तात्या सरळ बोलणाऱ्यातले नव्हते. संध्याकाळी ते गॅरेजात आले, तेव्हा उत्कर्षा लाडात म्हणाली, "तात्या, टाकी काय चकचकीत केली हुती तुमी! आमाला पण शिकवा की!"

तात्या फुलले. "सोपं हाय! ठिबकचं ॲसिड वतायचं, दिवसभर ठिवायचं, पाणी मारायचं. मिस्त्री लोक उगं आठवडा घालवत्यात!"

"अन् ॲसिड उतरवायला सोड्याचं पाणी? वाळवणं? तेल?" मागून इस्माईलचाचांनी विचारलं. "ॲसिडनं गंज गेला, तात्या, पर पत्रा उघडा पडला. वर तुमी पाणी मारलं. मला एका शब्दानं सांगितलं न्हाय, अन् बाजारात मात्र बोललात!"

तात्यांची मान खाली गेली.

पुढचे दोन दिवस टाकीत साखळी घालून पोरांनी ती आळीपाळीने खडखडवली. हात भरून आले, चिडचिड झाली, भांडणंही झाली! गंज निघाला. चाचांनी टाकी सोड्याने धुतली, वाळवली आणि आतून तेल फिरवलं. मोटार न थांबता इंदापूरला जाऊन आली!

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बाजार होता. तात्यांनी मोटार भर बाजारात थांबवली आणि उतरून खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐका! इस्माईलचा हात शाबूत हाय! नडला माझा शहाणपणा. अन् मला पकडलं ह्या तीन पोरांनी! लई हुशार हायती!"

"बारामतीला गाडी कोण न्हेणार, तात्या?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"इस्माईल! पुढं त्यो अन् ही पोरं. मी मागं बसतो."

इस्माईलचाचांनी अरफातच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.