फाटक्या कानाचं अस्वल

गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी नारायण पेठेतल्या एका सहल कंपनीच्या कचेरीत अस्वलं निवडायला गेलो. सहल निवडायला, असं म्हणायला हवं. पण टेबलापलीकडच्या मुलीनं तीन रंगीत पत्रकं माझ्यापुढे अशी काही उलगडली, की साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

"ही पहिली जहाजाची, काका," ती म्हणाली. तिच्या पाटीवर तेजस्विनी असं नाव होतं. "वर डेकवर खुर्चीत बसायचं आणि दुर्बिणीतून किनारा बघायचा. दुसरी लॉजची. तिथे लाकडी मचाणावरून अस्वलं दिसतात. तिसरीत सहा आसनी विमान थेट किनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं. मग गाईडच्या मागे एका रांगेत चालत जायचं. ओहोटीला अस्वलं चिखलातले शिंपले उकरतात, ती जवळून बघायची."

"आणि परत येतात का?"

"कोण, अस्वलं?"

"माणसं."

"अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही," ती म्हणाली. पुण्याचीच मुलगी.

मला जहाज पसंत होतं. आमच्या कांताला तिसरी सहल हवी होती. ती का, हे सांगायचं तर मला माझी एक जुनी थाप उघडी करावी लागेल.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होतो. फ्यूजची जाडी मोजायची, केसाइतका फरक पडला तरी माल बाद. दिवसभर इतकं खरं वागल्यावर संध्याकाळी माणसाला थोडं खोटं लागतं. माझ्या थापा आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहेत. लोक खुर्च्या घेऊन ऐकायला बसायचे.

कांताला अस्वलांचं वेड. कात्रजला प्राणी बघायला गेलो, की वाघ सोडून ही अस्वलाच्या खंदकापाशी तासभर उभी. निवृत्त झालो तेव्हा, चौदा साली, मी तिला अलास्काच्या किनाऱ्यावरची अस्वलं दाखवायचं कबूल केलं. सोसायटीनं विहाराच्या हॉलमध्ये आमचा सत्कार केला, शाल दिली. शेजारच्या कासिमभाईंनी भाषण ठोकलं. निघायला चार दिवस उरले असताना मी त्या सहा आसनी विमानाचा व्हिडिओ बघितला, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दोघांची नावं काढून घेतली. कांताला सांगितलं, कंपनीनंच सहल रद्द केली.

"मग तसं सांगू या की लोकांना," ती म्हणाली.

"सत्कार झालाय, कांता. शाल घेतलीय आपण."

तर आम्ही अकरा दिवस स्वतःच्याच घरात लपून राहिलो. पडदे ओढलेले, टीव्ही मुका, कुकरची शिटी काढून ठेवलेली. चालायचं ते अनवाणी. कुंड्यांना पाणी घालायला म्हणून कासिमभाईंकडे किल्ली देऊन ठेवली होती, हे मात्र मी विसरलो होतो. ते रोज पाचला यायचे. दारात किल्ली खुळखुळली, की आम्ही बाथरूममध्ये शिरून दिवा घालवायचो आणि ते जाईपर्यंत अंधारात उभे राहायचो. माझं तोंड भिंतीकडे, कांता माझ्या मागे. मी मनातल्या मनात अस्वलांच्या गोष्टी रचायचो. परत आल्यावर सांगायला काहीतरी हवं ना. फाटक्या डाव्या कानाची एक मादी मी तिथेच रचली. एका शनिवारी तिचा कान फाडला, रविवारी तिला शिंपले उकरायला लावलं.

पुढे ती गोष्ट मी दहा वर्षं सांगितली. लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत. लोक कांताकडे बघायचे आणि ती म्हणायची, "हो." त्या 'हो'ला चव नसायची. पण लोकांना चवीचं काय पडलंय?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू पुढे गेलाय. कांताला कडेचं काही दिसेनासं झालं होतं. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. माझ्याशी बोलायचं तरी अख्खी मान वळवावी लागायची. उरलेली नजर वर्षभर टिकेल, म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर ती एवढंच बोलली, "अहो, आता खरं दाखवा."

म्हणून मी नारायण पेठेत. तीच कंपनी. अकरा वर्षांत तिथली माणसं सगळी बदलली होती, तेव्हा कुणी ओळखण्याची भीती नव्हती.

"जहाजावरून जवळचं दिसत नाही, काका," तेजस्विनी म्हणाली. "तिसरीत तर एक मादी ठरलेली आहे. आमचे गाईड सांगतात, गेली कितीतरी वर्षं त्याच खाडीत येते. डावा कान फाटलाय तिचा."

मी पत्रक घडी करून खिशात घातलं. अस्वलं आपसात भांडतात, कान फाटत असतील. डावा आणि उजवा असे दोनच कान असतात. म्हणजे फाटक्या कानाच्या अस्वलांपैकी निम्म्यांचा डावाच फाटलेला असणार. तपासनीस माणसाला असला हिशेब चटकन सुचतो. बसस्टॉपपर्यंत तो मला पटलाही होता.

घरी मी जहाजाचं पत्रक पुढे केलं. कांतानं ते डोळ्यांशी नेलं आणि परत दिलं.

"दुर्बीण नको. माझ्या डोळ्यांची आधीच दुर्बीण झालीय. चालत जायचं."

"विमान लहान आहे गं."

"माहितीय," ती म्हणाली.

मी तिसऱ्या सहलीत दोघांची नावं घातली.

मे महिन्यात त्या कचेरीत सहप्रवाशांची बैठक झाली. चहा, बटाटेवडा, आणि लोकांच्या शंका. अस्वल मागे लागलं तर गुडघेदुखीच्या माणसानं काय करायचं, तिथे वरण-भात मिळेल का, मिळाला तर तूप घरचं नेऊ का. कांता आली नव्हती. मी एका कडेला बसलो होतो. तेवढ्यात हातोहात एक जाड वही फिरत आली, अभिप्रायाची. गाईड ती प्रत्येक सहलीला बरोबर नेतो आणि शेवटच्या दिवशी किनाऱ्यावरच लोकांकडून लिहून घेतो. आपल्या गावाची रीत अशी, की देव भेटला तरी निघताना एक तक्रार नोंदवायची. त्यामुळे वही वाचायला झकास होती. मी हसत हसत मागे मागे जात चौदा सालापर्यंत पोचलो.

कांता सातवीपर्यंत शिकली. तिची ओळ उजवीकडे जाताना खाली उतरते, जिना उतरल्यासारखी. किराण्याच्या याद्यांमधून मी ते अक्षर चाळीस वर्षं वाचतोय.

"अस्वल दिसले. मादी. डावा कान फाटका. चार हातांवर येऊन बसली. भीती वाटली नाही. सोय ठीक. चहा पाणचट. यजमान आले नाहीत. – सौ. कांता, खडकी. १९ जुलै २०१४."

वर निगडीच्या कुणाची नोंद होती, खाली सदाशिव पेठेतल्या कुणाची. मधे जागा सोडलेली नव्हती. शाई तिन्ही नोंदींची सारखीच फिकी.

"हे लोक तुम्हाला आठवतात का?" मी तेजस्विनीला विचारलं.

"काका, तेव्हा मी शाळेत होते," ती म्हणाली. "वडा घ्या ना, गार होतोय."

घरी आलो तेव्हा कांता गवार निवडत होती, सगळी बोटांनी. मी चप्पलही काढली नाही.

"तू अलास्काला गेली होतीस?"

तिनं मान वळवली. मी नळीत येईपर्यंत थांबली.

"हो," ती म्हणाली. त्या दिवशी त्या 'हो'ला चव होती.

"वेडी आहेस का? अकरा दिवस इथे होतो आपण. दोघं. त्या बाथरूममध्ये."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून गोष्टी रचत होतात. मागे कोण आहे, बघितलंत कधी?"

"कांता, असं कसं होईल?"

"ते मला नाही माहीत. तुम्ही सांगत गेलात आणि मी गेले." ती पुन्हा गवारीकडे वळली. "इतकं छान होतं तिथं. चिखल असा गुडघ्यापर्यंत, आणि ती माझ्याकडे बघत बसलेली. सांगणार कुणाला? तुम्ही तर थापा मारत होतात. मी खरं बोलले असते तरी तुमच्याच थापेत जमा झालं असतं. म्हणून म्हणते, आता दोघांनी जाऊ. डोळे आहेत तोवर एकदा बरोबर बघू."

मी चप्पल काढून दाराशी ठेवली.

"मागच्या वेळी मी परत आले," ती म्हणाली. "तुम्ही एकटे पडाल म्हणून. या वेळी नाही आलात, तर माझी वाट बघू नका."

म्हातारपणी होतं असं, मी स्वतःला समजावलं. डोळ्यांचं औषध डोक्यात जात असेल. अक्षरासारखं अक्षर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कासिमभाई जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी.

"काय बाबुराव, परत अस्वलं म्हणे? या वेळी तरी स्वतः जाणार ना?"

"म्हणजे?"

ते एक पायरी खाली उतरले. आवाज उतरवला. "आता काय लपवायचं? चौदा साली तुम्ही घरातच होता. मी कुंड्यांना पाणी घालायला यायचो. बाथरूमच्या दाराखाली फट आहे ना तुमच्या. पाय दिसायचे. मी म्हटलं, विमानाला घाबरला असेल बिचारा. पण भाभींना एकट्यांना पाठवलंत, दिलदारी केलीत. म्हणून आजवर कुणाला बोललो नाही."

"एकट्यांना कशावरून?"

"अहो, रोज एकच पायजोडी. तुमचीच. ती आखूड करंगळी काय मी ओळखत नाही?"

मी घरात आलो. बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, दिवा घालवला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

चौदा सालचं मला एक स्वच्छ आठवतं. उभं असताना मानेवर मागून श्वास लागायचा. संथ, गरम. कांता घाबरलीय, असं वाटून मी मागे हात नेऊन तिला थोपटायचो. हाताला लोकरीसारखं काहीतरी लागायचं. स्वेटर, असं मी धरून चाललो होतो.

जुलैमध्ये.

आणि कांता माझ्या खांद्याएवढी आहे. तिचा श्वास माझ्या मानेला लागणार नाही.

मी दिवा लावला.

त्या दुपारी मी नारायण पेठेत फोन करून दोघांची नावं काढली. कारण विचारलं तेव्हा गुडघे म्हटलं. खरं कारण माझ्या तोंडून निघालं नसतं. ती खाडी खरी असली तर तिथे मला कुणीतरी बघणार होतं, आणि मी कसा आहे ते त्याला आधीच माहीत असणार होतं.

"कंपनीनं रद्द केली गं सहल," संध्याकाळी मी कांताला सांगितलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नळीतून माझा चेहरा एकेक तुकडा तपासावा तशी. कपाळ, डोळे, तोंड. मी चौतीस वर्षं असाच माल तपासला. बाद करताना नजर कशी थांबते, ते मला कळतं.

मग तिनं मान फिरवली.

सहल निघाली त्या दिवसापासून मी तिच्यावर पहारा ठेवला. ती खिडकीशी खुर्चीत बसायची, मी समोर. सहा दिवस नजर हलवली नाही. सातव्या दिवशी दुपारी सिलिंडरवाला आला. मी दारात सही केली आणि वळलो. तेवढाच वेळ.

कांता खुर्चीतच होती. फक्त खुर्चीचं तोंड दाराकडे झालं होतं.

"चहा करू?" मी विचारलं.

"हो."

मुद्दाम पाणचट केला. सगळा प्यायली. त्या दिवसापासून तिनं माझी एकही चूक काढलेली नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

कासिमभाई एकदा येऊन गेले. पाच मिनिटं बसले. जाताना जिन्यात म्हणाले, "भाभींची तब्येत सुधारली," आणि हातरुमालानं मान पुसली. परत आले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये तिला तपासणीला नेलं. अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रात कडेला ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासणी एकदा केली, मग दुसऱ्या यंत्रावर केली. मला बाहेर बोलावून दोन कागद शेजारी धरले. फेब्रुवारीचा जवळजवळ काळा, मधे एक पांढरा ठिपका. आजचा सगळा पांढरा.

"काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, बाबुराव," त्या म्हणाल्या. "कधीच येत नाही. कागदांची अदलाबदल तर झाली नाही ना, तेवढं मी बघते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रिक्षा संगम पुलावर अडकली होती. कांता पुढच्या गाडीकडे बघत बसली होती, हात मांडीवर. मी मागे रेललो. मग आवाज न करता हात उचलला, तिच्या अंबाड्याच्या मागे नेला, जिथे कुणालाच काही दिसत नाही, आणि दोन बोटं वर केली.

"दोन," ती म्हणाली.